घरच्या लेथवर ॲल्युमिनियमचा पहिला जॉब

नाशिकच्या सिडकोतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, दोन-चार घरं अशी निघतात जिथला माणूस कधी ना कधी टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, होता. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीनं या शहराला ते वळण लावलं. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला, म्हणजे ॲल्युमिनियमसुद्धा इथं काही काल आलेलं नाही. अलीकडे दिसू लागलेत ते वेगळेच लोक. कंपनीत लेथला, म्हणजे जॉब (कामाचा तुकडा) फिरवून टूलनं कापणाऱ्या यंत्राला, कधी हात न लावलेले, पण हौस म्हणून रो-हाउसच्या पार्किंगमध्ये छोटा लेथ आणून ठेवलेले. कुणाला सायकलचे पार्ट करायचे असतात, कुणाला कॅमेऱ्याच्या स्टँडची मूठ, कुणाला फवारणी यंत्राचं बुश. त्यांचा एकच प्रश्न माझ्याकडे येतो: ‘काका, लोखंड बरं कापलं जातं, मग ॲल्युमिनियम तर मऊ, त्याचीच फिनिश का बिघडते?’

बिघडते, कारण मऊ असण्यापेक्षा ॲल्युमिनियमचा चिकटपणा मोठा. कापताना टूलच्या टोकावर उष्णता आणि दाब वाढला की धातूचा बारीक थर धारेवरच चिकटून बसतो. मग धार कापायची थांबते आणि तो चिकटलेला गोळाच जॉबवर घासत राहतो. थोड्या वेळानं गोळा सुटतो, जाताना पृष्ठभागाचा लचका तोडतो, आणि पुन्हा नवा बसायला लागतो. खाली जे काही सांगतोय, टूलची धार, वेग, रॉकेल, ड्रिल मागे घेणं, त्यातलं निम्मंअधिक या चिकटण्याला पाय ठेवू न देण्यासाठीच आहे.

शिकण्यासाठी एक ठरावीक जॉब घेऊ. सायकलच्या हँडलखाली, फोर्कच्या नळीवर बसणारा स्पेसर, म्हणजे जाडसर कडं. नळी सव्वा इंचाला एक सूत कमी, म्हणजे २८.६ मिलिमीटर व्यासाची. स्पेसरचं भोक २८.७, बाहेरचा व्यास ३४, जाडी १०. हा जॉब मुद्दाम निवडलाय. यात फेसिंग (टोक सपाट करणं), ड्रिलिंग, बोअरिंग (भोक मापावर मोठं करणं), टर्निंग (बाहेरचा व्यास कापणं), पार्टिंग (तुकडा कापून वेगळा करणं) सगळं येतं, माप थोडं चुकलं तरी जीव जात नाही, कारण स्पेसरवर फक्त दाब येतो. ब्रेकचा किंवा हँडल धरणाऱ्या स्टेमचा पार्ट पहिल्या वर्षात करू नका. गंगापूर रोडच्या उतारावर तो तुटला तर काय होईल ते चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मोह आवरेल.

मशीन कोणतं

दोन वाटा आहेत. एक, टेबलावर बसणारा चिनी मिनी लेथ, सिंगल फेजवर चालणारा, वेग हवा तसा कमी-जास्त करता येणारा. दुसरी, राजकोट किंवा बटाल्याचा जुना देशी लेथ. आपल्याकडे तो बेडच्या (खालच्या लांब लोखंडी पायाच्या) लांबीनं ओळखतात, साडेचार फुटी, सहा फुटी. माझ्याकडे साडेचार फुटी आहे, आणि माझा कल उघड उघड त्याच्याकडे. वजन हाच लेथचा खरा गुण. हलकं मशीन थरथरतं, आणि ती थरथर जॉबवर लाटांसारखी उमटते. पण तो जिन्यावरून वर नेता येत नाही, आणि वरच्या मजल्यावर मुळात नेऊच नये.

जुन्या लेथवर बहुधा थ्री-फेज मोटर असते. घरी थ्री-फेज कनेक्शन नसेल तर सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देणारा ड्राइव्ह बसवता येतो. अशा ड्राइव्हमधून २३० व्होल्टचीच थ्री-फेज निघते, म्हणून मोटरच्या नेमप्लेटवर दोन व्होल्टेज लिहिलेली असतील तर जोडणी स्टारची डेल्टा करावी लागते. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, अर्थिंगसकट. आणखी एक: जुन्या लेथचा चक (जॉब पकडणारा जबड्यांचा पंजा) स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, आट्यांनी बसवलेला असतो. ड्राइव्हवरून झटक्यात ब्रेक मारला किंवा उलटं फिरवून कापायला गेलात तर फिरता चक आटे सोडून अंगावर येऊ शकतो.

विकत घेताना रंगाकडे पाहू नका. हेडस्टॉकजवळचा, म्हणजे चक असलेल्या टोकाजवळचा, बेड बोटानं चाचपा. रोजचं काम तिथंच होतं, त्यामुळे झीज तिथंच जास्त. कॅरेज (टूल घेऊन सरकणारा भाग) तिथं ढिलं आणि टेलस्टॉककडे (समोरच्या टोकाच्या आधाराकडे) घट्ट चालत असेल तर बेड झिजलाय. भाव त्या हिशेबानं करा.

मटेरियल

भांडी बाजारात जाऊ नका, तिथं पत्रा मिळेल, रॉड नाही. अंबड-सातपूरकडच्या धातू विक्रेत्यांकडे किंवा जॉबवर्क करणाऱ्या शॉपमध्ये कटपीस मागा. मागताना ‘ॲल्युमिनियम रॉड द्या’ म्हणालात तर जे पडलंय ते मिळेल. ‘एचई-३० चा ४० एमएम रॉड’ म्हणा. व्यापाऱ्यांच्या तोंडी आजही हेच नाव आहे, नव्या पद्धतीनं ते ६०८२. एचई-२० म्हणजे ६०६१, तेही उत्तम. दोन्ही स्वच्छ कापले जातात, दोघांनाही ॲनोडायझिंग (विजेनं चढवलेला, रंगवता येणारा थर) छान चढतं. खिडकीच्या सेक्शनचं ६०६३ घेऊ नका, ते जास्तच चिवट असतं आणि चिकटण्याचा सगळा त्रास तिथं दुप्पट.

वजनानं मटेरियल ओळखायची सवय लावून घ्या. ४० मिलिमीटरचा एक फूट ॲल्युमिनियम रॉड साधारण एक किलो भरतो. तेवढाच लोखंडाचा तीन किलो. भंगारातला तुकडा हिशेबापेक्षा बराच हलका लागला तर तो मॅग्नेशियमचा मिश्रधातू असू शकतो, आणि त्याचे बारीक चिप्स, म्हणजे कापताना निघणारा कीस, पेट घेतात. पेटल्यावर पाणी टाकलं तर आग भडकते. अनोळखी हलका तुकडा लेथवर घेऊच नका. जुने पिस्टनही टाळा. त्यांत सिलिकॉन भरपूर असतं, ते हायस्पीड स्टीलची धार बघता बघता खाऊन टाकतं.

टूल

नवशिक्यानं कार्बाइड इन्सर्टपासून (बदलता येणाऱ्या तयार कठीण धारेपासून) सुरुवात करावी की स्वतः टूल घासायला शिकावं, यावर जुने टर्नर तासभर भांडतील. माझं मत: दोन्ही घ्या, पण पहिल्या महिन्यात हायस्पीड स्टीलचं टूल स्वतः घासा. धार म्हणजे काय ते त्याशिवाय बोटांना कळत नाही.

ॲल्युमिनियमसाठी टूलचा वरचा उतार लोखंडापेक्षा बराच जास्त द्यायचा. चिप ज्या बाजूला वाहते तिकडे पंधरा अंश, खाली आणि बाजूला आठ ते दहा अंशांची मोकळीक. टोक अगदी सुईसारखं ठेवू नका, ऑइल स्टोनवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी गोलाई द्या. मग वरचा पृष्ठभाग त्याच स्टोनवर घासत बसा, चकाकेपर्यंत. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. ग्राइंडरच्या चाकाच्या रेघा धारेवर राहिल्या की ॲल्युमिनियमला पकडायला खाचा मिळतात. टूल चकचकीत असेल तर चिप घसरून निघून जाते.

इन्सर्ट घ्यायचाच तर दुकानात ‘ॲल्युमिनियमचा, पॉलिश केलेला, कोटिंग नसलेला’ असं सांगा. कोड सीसीजीटीनं सुरू होईल. काळा-जांभळा किंवा सोनेरी दिसणारा इन्सर्ट लोखंडासाठीचा असतो. त्याची धार मुद्दाम किंचित बोथट केलेली असते, आणि त्यातल्या काही कोटिंगमध्येच ॲल्युमिनियम असतं, त्याला जॉबचं ॲल्युमिनियम आणखी चिकटतं.

आणि हे ठळक लिहून भिंतीवर लावा: ॲल्युमिनियमचा जॉब बेंच ग्राइंडरवर घासायचा नाही. चाकाची छिद्रं बुजतात, चाक तापतं, फुटतं. फुटलेल्या चाकाचे तुकडे मी भिंतीत रुतलेले पाहिलेत.

अंगावर काय नसावं

हातमोजे नकोत. फिरत्या कामावर हातमोजा संरक्षण करत नाही, तो हाताला आत ओढतो. पूर्ण बाह्या, ओढणी, मोकळे केस, अंगठी, घड्याळ, काहीही नको. आपल्याकडे एक गोष्ट हमखास राहून जाते: मनगटातला धागा. त्र्यंबकेश्वरहून आणलेला असो की बहिणीनं परवा बांधलेली राखी असो, लेथसमोर उभं राहण्याआधी काढून खिशात ठेवा. नाराज कोणी होणार नाही. डोळ्यांवर चष्मा, पायात बूट.

चकची किल्ली हाताची बोटं सुटण्याआधी चकमधून सुटली पाहिजे. ‘एक सेकंद इथंच राहू दे’ असं कधी म्हणायचं नाही. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एकानं ते एक सेकंद केलं होतं. किल्ली सुटली ती समोरच्या कपाटाचं दार आत घालूनच थांबली. नशिबानं कपाटच होतं.

आता जॉब

रॉड चकमध्ये असा पकडा की पंचवीस-तीस मिलिमीटर बाहेर राहील. व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त बाहेर काढायचा असेल तर टेलस्टॉकचा आधार लागतो, आपल्याला इथं गरज नाही. रॉडवर जबड्यांचे व्रण उमटू द्यायचे नसतील तर थंड पेयाचा रिकामा डबा कापून त्याच्या पट्ट्या मध्ये घाला. फुकटातलं इतकं चांगलं शिम बाजारात मिळत नाही.

टूलची उंची. स्टीलची पट्टी टूलचं टोक आणि रॉड यांच्यामध्ये अलगद दाबून धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, रॉडकडे झुकलं तर वर. खाली असेल तर हॅकसॉच्या जुन्या पात्याचे तुकडे टूलखाली सरकवा. फेसिंग केल्यावर मध्ये छोटं बोंड शिल्लक राहिलं तर अजून चूक आहे.

वेग काढायचं सूत्र तोंडपाठ करा: ३२० गुणिले मिनिटाला मीटरमधला वेग, भागिले व्यास मिलिमीटरमध्ये. हायस्पीड स्टीलनं ॲल्युमिनियम ६० ते ९० मीटरनं आरामात कापतं. व्यास ४०, वेग ६० धरला तर ३२० × ६० ÷ ४० = ४८० फेरे. ९० नं ७२०. कार्बाइडला याच्या दुप्पट-तिप्पट चालतं, पण घरचा लेथ तेवढा पळत नाही आणि पळवायची गरजही नाही. जुन्या कोनपुलीच्या लेथवर पाचशेच्या आसपासचा जो वेग असेल तो घ्या. मिनी लेथवाल्यांनी सातशेला सुरुवात करावी, थरथरलं तर खाली यावं.

फेसिंग करा. बाहेरून आत, एका वेळी अर्धा मिलिमीटर. टूलच्या टोकावर ब्रशनं रॉकेल लावत राहा. जुने लोक रॉकेलमध्ये थोडं मशीनचं तेल मिसळतात, मीही तेच करतो. रॉकेल आता पूर्वीसारखं सहज मिळत नाही. डब्यातलं कटिंग ऑइल किंवा स्प्रेचं हलकं तेल चालतं. उद्देश एकच, धारेवर धातू बसू न देणं. रॉकेल ज्वालाग्राही आहे, म्हणून वाटीत थोडंच घ्या, शेजारी बिडी नको, आणि दार उघडं ठेवा. पांढरं पाणीवालं कूलंट कंपनीत चांगलं. घरी मात्र मशीन आठवड्यातून दोनदा चालतं, त्यामुळे ते पाणी स्लाइडखाली बसतं आणि गंज पकडतं.

सेंटर ड्रिलनं खूण करा, मग १० चं ड्रिल. इथं चिकटपणा सर्वांत जास्त त्रास देतो, कारण चिप्स बाहेर पडायला वाट अरुंद. चिमणीनं दाणे टिपावेत तसं ड्रिल चालवा: दोन-तीन मिलिमीटर आत, पूर्ण बाहेर, ब्रशनं चिप्स झाडा, तेल, पुन्हा आत. ड्रिलच्या नाळी गच्च भरल्या की ते भोकातच वेल्ड झाल्यासारखं अडकतं. मग रॉड, ड्रिल आणि तुमचा दिवस, तिन्ही गेले. १६ मिलिमीटर खोलीपर्यंत जा. नंतर टेलस्टॉकला सोसेल तेवढं मोठं ड्रिल घाला. १६ चं मिळालं तर पुरे.

आता बाहेरचा व्यास रफ करून घ्या, ४० वरून ३४.५ पर्यंत. जड लेथवर एका बाजूनं एक मिलिमीटरचा कट जातो, मिनी लेथवर अर्ध्यावर थांबा. फीड (फेऱ्यागणिक टूल किती पुढे सरकतं ते) ऑटोला लावता येत असेल तर फेऱ्याला ०.१ मिलिमीटरच्या आसपास. हातानं चालवत असाल तर सारखा वेग ठेवा, मध्येच थांबू नका. टूल एका जागी थांबलं की तिथं घासतं, तापतं आणि गोल रेघ उमटते.

इथं चिप्सबद्दल. ॲल्युमिनियम खूपदा लांब रिबिनी काढतं. त्या चकभोवती गुंडाळतात, फिरताना चाबकासारख्या फटकारतात आणि ब्लेडइतक्या धारदार असतात. माझ्या उजव्या तर्जनीवरची खूण त्याच हिशेबातली आहे. सात टाके पडले होते, कारण रिबीन हातानं ओढायची घाई. मशीन बंद करा, आकड्यानं काढा. फीड किंचित वाढवलं किंवा कट थोडा खोल केला की चिप बऱ्याचदा तुटायला लागते.

बोअरिंग

या भागावर घाई करू नका, स्पेसरची खरी परीक्षा इथंच आहे.

बोअरिंग बार भोकात मावेल तेवढा जाड घ्या आणि टूलपोस्टच्या (टूल पकडणाऱ्या ठोकळ्याच्या) बाहेर कमीत कमी काढा. बारच्या जाडीच्या चौपटीहून जास्त बाहेर निघाला तर तो कापताना वाकतो. तुम्ही डायलवर एक वाचता, भोकात दुसरंच होतं. कट पाव ते अर्धा मिलिमीटर. २८.३ पर्यंत रफ करा आणि मग थांबा. चहा प्या.

हा चहा गंमत म्हणून सांगत नाही. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, मीटरला दर अंशामागे २३ मायक्रॉन. ४० मिलिमीटरचा जॉब खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम असताना मोजलात तर माप पावणेतीन शतांश मिलिमीटरनं मोठं दिसेल. गरम जॉबवर ‘बरोब्बर बसलं’ म्हणून खूश झालेला माणूस अर्ध्या तासानं नळीवर स्पेसर ठोकत बसलेला मी पाहिलाय. वैशाखात नाशिकच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर जॉबला थंड व्हायलाही वेळ लागतो. हाताला गार लागेपर्यंत थांबा.

तोवर डायल ओळखून घ्या. क्रॉस स्लाइडच्या (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणाऱ्या भागाच्या) डायलचं एक घर म्हणजे टूलची चाल की व्यासातला फरक, हे मशीनगणिक बदलतं. एक कट घेऊन व्हर्नियरनं मोजा आणि उत्तर खडूनं मशीनवरच लिहून ठेवा. दुसरं, स्क्रूचा मोकळा खेळ. डायल पुढे गेला आणि चुकून जास्त झाला तर नुसतं मागे आणून चालत नाही. अर्धा-एक फेरा मागे घ्यायचा आणि पुन्हा त्याच दिशेनं मापावर यायचं. बोअरिंगला दिशा उलटी असते, बाहेर ओढताना भोक मोठं होतं, आणि नवशिक्याचा हात तिथंच चुकतो.

भोक मोजायला व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. त्या जबड्यांना थोडी सपाट जाडी असते, त्यामुळे गोल भोकात ते किंचित कमी दाखवतात. त्यापेक्षा गेज बनवा. उरलेल्या रॉडवर ही दोन टोकं आधीच टर्न करून ठेवा: एक २८.६८, दुसरं २८.७५, मायक्रोमीटरनं मोजलेली. पहिलं टोक जायला हवं, दुसरं अडायला हवं. गेज तुमचा पहिलाच टर्निंगचा सराव ठरतो, आणि कायमचा पेटीत राहतो.

शेवटचे दोन कट व्यासात ०.१५ ते ०.२ चे ठेवा. याहून बारीक कट घ्यायचा मोह होतो, पण मग टूल कापण्याऐवजी घासतं, आणि घासलं की चिकटलंच. शेवटच्या कटनंतर डायल न हलवता तोच बार पुन्हा एकदा आत-बाहेर फिरवा. वाकलेला बार या फेरीत सरळ होतो आणि एक-दोन शतांश काढतो. मग गेज.

भोक झालं की बाहेरचा व्यास ३४ वर आणा. वेग आता थोडा वाढवा, फीड फेऱ्याला ०.०५. या सगळ्या वेळात जॉब चकमधून काढायचा नाही. तीन जबड्यांच्या चकमध्ये काढून पुन्हा पकडलेला जॉब कधीच पूर्वीच्या जागी बसत नाही, मिलिमीटरच्या शंभरातले पाच-दहा भाग तरी डगमगतो. आतलं आणि बाहेरचं वर्तुळ एका केंद्रावर हवं असेल तर दोन्ही एकाच पकडीत.

कडेला अर्ध्या मिलिमीटरचा चॅम्फर (तिरका उतार) मारा. कानस वापरायची तर मूठ लावलेलीच, डाव्या हातानं मूठ धरून, म्हणजे हात चकवरून जाणार नाही. कानशीच्या दातांत आधी शाळेतला खडू घासा, ॲल्युमिनियम दातांत रुतून बसत नाही.

पार्टिंग

लेथवर काम करणाऱ्याला सर्वांत जास्त घाम पार्टिंगला फुटतो. भरीव ४० च्या रॉडमध्ये पार्टिंग म्हणजे अरुंद पातं खोल खड्ड्यात उतरवणं, दोन्ही बाजूंनी धातू चिकटायला तयार. पण आपलं भोक आधीच आरपार असल्यासारखं आहे. पातं जेमतेम पावणेतीन मिलिमीटर उतरलं की स्पेसर सुटतो. हा जॉब निवडायचं हेही एक कारण होतं.

पातं दोन मिलिमीटरचं, अगदी सेंटरला, चकला काटकोनात. बाहेर चार-पाच मिलिमीटरच काढा. कॅरेज लॉक करा. वेग टर्निंगच्या निम्मा. रॉकेल थेंबथेंब नाही, सतत. मापासाठी पात्याची जाडी धरायला विसरू नका, आणि स्पेसर १०.३ चा ठेवा, मागची बाजू साफ करायला. सुरुवात केली की हात थांबवू नका. किंचाळल्यासारखा आवाज आला तर नवशिक्या घाबरून फीड कमी करतो, आणि आवाज वाढतो, कारण पातं कापण्याऐवजी घासतंय. वेग उतरवा आणि फीड थोडं वाढवा. टेलस्टॉकच्या चकमध्ये पातळ सळई पकडून भोकात घालून ठेवा. स्पेसर सुटला की तिच्यावर अडकून राहतो, ट्रेमधल्या चिप्समध्ये शोधावा लागत नाही. हातानं झेलायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

भरीव रॉडवर पहिल्यांदा पार्टिंग करणार असाल तर माझा सल्ला वेगळा. मशीन बंद करा, हॅकसॉनं कापा आणि उलटून फेसिंग करा. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या स्पेसरची मागची बाजू मात्र चकमध्ये पकडून फेस करायला जाऊ नका. अडीच-पावणेतीन मिलिमीटरची भिंत, तीन जबड्यांनी आवळलीत तर त्रिकोणी होते. काढल्यावर पुन्हा गोल होते, पण तोवर केलेलं काम वाकडं झालेलं असतं. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, दोन थेंब तेल, आणि इंग्रजी आठच्या आकारात स्पेसर घासा. पाच मिनिटं घासा, फिरवा, चार जागी मापा. १०.३ चे १०.० व्हायला वीसेक मिनिटं लागतात. आतल्या कडेची बर (उरलेली धारदार किनार) तिकोनी स्क्रेपरनं काढा, नाहीतर फोर्कच्या नळीवर ओरखडा पडेल.

बिघडलं तर कुठं पाहायचं

पृष्ठभाग ढगाळ, फाटल्यासारखा: टूलचं टोक भिंगातून बघा, चांदीसारखा ठिपका चिकटलेला दिसेल. पितळी सळईच्या टोकानं तो काढा, स्टोन मारा, वेग वाढवा, तेल द्या. बारीक लाटा आणि गुणगुण: काहीतरी ढिलं किंवा लांब आहे. टूल किती बाहेर आलंय, क्रॉस स्लाइडची गिब (सरकत्या भागाचा ढिलेपणा काढणारी पट्टी) ढिली आहे का, टूलपोस्टचा नट आवळलाय का, या क्रमानं तपासा. एका टोकाला व्यास जास्त, दुसऱ्याला कमी: छोट्या जॉबला हे बहुधा जॉब वाकल्यानं होतं, मोठ्याला मशीनची लेव्हल बिघडल्यानं.

पुढचा जॉब आटे असलेला करणार असाल तर भोकाची तीन मापं लक्षात ठेवा: एम ५ साठी ४.२, एम ६ साठी ५, एम ८ साठी ६.८. टॅप लेथवरच, पण चक हातानं फिरवून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. ॲल्युमिनियममधले आटे लोखंडाच्या बोल्टपुढे दुबळे पडतात, म्हणून बोल्ट व्यासाच्या दीड-दोन पट खोल जाईल अशी जागा ठेवा.

रंग हवा असेल तर अंबडकडे ॲनोडायझिंग करणारे आहेत. एका स्पेसरसाठी कोणी टाकी लावत नाही, चार मित्रांचे पार्ट जमवून जा, आणि मटेरियल एकच असू द्या, नाहीतर एका बॅचमध्ये चार छटा येतील. ॲनोडायझिंगचा थर साधारण निम्मा धातूत आणि निम्मा बाहेर वाढतो. १० मायक्रॉनचा थर दिला तर भोकाचा व्यास तेवढ्यानंच, १० मायक्रॉननं, आत येतो. आपल्या २८.७ मध्ये ती जागा आहे, घट्ट बसणाऱ्या बुशमध्ये नसेल.

मशीन पुसण्याचं काम रोजचं. जून ते सप्टेंबर तर विसरूच नका, कास्ट आयर्नच्या बेडवर एका पावसाळी रात्रीत तांबूस छटा येते. चिप्स ब्रशनं झाडा, कॉम्प्रेसरच्या हवेनं नको, त्यानं ते स्लाइडखाली आणि डोळ्यांत जातात. बेडवर तेलाचा हात फिरवा आणि सुती कापड झाका. प्लास्टिक झाकलंत तर आत घाम धरतो.

चिप्स वेगळ्या गोणीत भरा. दहा मिलिमीटरची ४० ची चकती चौतीस ग्रॅमची, त्यातून निघालेला स्पेसर सात ग्रॅमचा. बाकी सत्तावीस ग्रॅम ट्रेमध्ये पडलेत, म्हणजे गोणी तुम्हाला वाटते त्याच्या आधी भरते. त्यात लोखंडाचा एक कणसुद्धा मिसळू देऊ नका. भंगारवाला गोणीत आधी चुंबक फिरवतो, चार कण चिकटले की पूर्ण गोणीचा भाव पाडतो, आणि त्याच्याशी हुज्जत घालून आजवर कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही.